गाण्यावर बंदी कुणीच घातली नव्हती

न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूज शहरात लॉरेन्स जॉन्सन नावाचा एक सुपरमार्केटवाला होता. आपल्या भाषेत किराणा दुकानदारच, फक्त दुकानं मोठी आणि एकाहून जास्त. १९५० नंतरच्या काही वर्षांत या गृहस्थाने अमेरिकेच्या रेडिओ-टीव्हीला जेवढं धाकात ठेवलं, तेवढं भल्या भल्या सिनेटरांना जमलं नसेल. त्याची रीत साधी होती. एखाद्या कार्यक्रमात त्याच्या मते 'लाल' असलेला नट किंवा गायक दिसला, की तो त्या कार्यक्रमाच्या प्रायोजक कंपनीला कळवायचा : दुकानात तुमच्या मालाशेजारी मी एक पाटी लावतो आणि गिऱ्हाइकांनाच विचारतो, तुमच्या पैशातून कम्युनिस्टांच्या साथीदारांना काम दिलेलं चालेल का? साबण आणि टूथपेस्ट विकणाऱ्यांचा धीर तेवढ्यानेच सुटायचा. गायक कोण, गाणं कोणतं, हे बघण्याची उसंत कुणाला होती? एका पाटीपायी खप घसरण्यापेक्षा एक गायक कमी केलेला बरा, असा तो सरळ व्यापारी हिशोब होता.

मला हा किराणावाला फार महत्त्वाचा वाटतो. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या राजकीय ताणाने तिथल्या लोकप्रिय संगीताचं काय केलं, असा विषय निघाला की बोलणं लगेच वॉशिंग्टनकडे वळतं. चौकशी समित्या, साक्षी, जिथेतिथे कम्युनिस्ट हुडकणारा सिनेटर मॅकार्थी. (मॅकार्थी सिनेटमधला, आणि गायक-नटांना उलटसुलट तपासणारी 'अमेरिकाविरोधी कारवायांची समिती' होती प्रतिनिधिगृहाची. पण सगळं खातं मॅकार्थीच्याच नावावर जमा झालंय.) माझ्या मते गाणं बदललं ते गल्ल्यावर बसलेल्यांनी. त्या काळात अमेरिकन सरकारने एखादं गाणं कायद्याने बंद केल्याचं उदाहरण शोधूनही सापडणं कठीण. बोलण्या-लिहिण्याचं स्वातंत्र्य जपणारी घटनेतली पहिली दुरुस्ती आड येत होती. आणि बंदी नव्हती म्हणूनच तिच्याविरुद्ध दाद मागायलाही जागा नव्हती. बंदीच्या हुकमावर कुणाची तरी सही असते. इथे सहीच नव्हती.

१९५०च्या उन्हाळ्यापासून अमेरिकेत 'गुडनाइट, आयरीन' हे गाणं १३ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. गाणारे चौघे : पीट सीगर, ली हेज, फ्रेड हेलरमन आणि रॉनी गिल्बर्ट. गटाचं नाव 'द वीव्हर्स', म्हणजे विणकर. गाणं त्यांनी घेतलं होतं लेड बेली या कृष्णवर्णीय गायकाकडून, जो लुइझियानाच्या तुरुंगात असताना लोकगीतांच्या संग्राहकांना सापडला आणि १९४९च्या डिसेंबरात, हे यश बघण्याआधीच वारला. लेड बेलीच्या गाण्यात प्रियकर आयरीनला म्हणतो, तुला मी स्वप्नात गाठीन. प्रेमाची कबुली आणि धमकी एकाच श्वासात. वीव्हर्सच्या तबकडीत तो म्हणतो, तुला मी स्वप्नात पाहीन. मॉर्फिन घेऊन मरण्याची ओळही गळाली आणि मागे व्हायोलिनांचा ताफा आला. हे कुणी करायला लावलं नव्हतं. पण बाजारात पाऊल टाकायचं तर कुठे कोपरे घासायचे, हे या चौघांनाही आधीच उमगलेलं होतं. त्यानंतर थोड्याच काळात लोकगायक वुडी गथ्रीचं धुळीच्या वादळांनी उजाड झालेल्या शेतकऱ्यांचं गाणं त्यांनी रेकॉर्ड केलं, तेव्हा त्यासाठी वादळ वगळून नवी, हलकीफुलकी कडवी खुद्द गथ्रीनेच लिहून दिली.

एवढं करूनही उपयोग झाला नाही. 'आयरीन' वर चढू लागलं त्याच सुमारास, जूनमध्ये, 'रेड चॅनल्स' नावाची एक पुस्तिका निघाली. मुखपृष्ठावर मायक्रोफोन पकडणारा लाल पंजा. काढणारे एफबीआयचे माजी लोक, त्यांची खासगी कंपनी. आत रेडिओ-टीव्हीतल्या १५१ जणांची नावं. कुणावर थेट आरोप नव्हता. नावापुढे फक्त जंत्री : या अर्जावर सही केली, त्या सभेत गायले, अमक्या समितीच्या पत्रकावर नाव आहे. सीगर त्यात होताच. वीव्हर्सना टीव्हीवर कार्यक्रम देण्याची बोलणी तिथल्या तिथे थांबली. १९५२मध्ये हार्वी माटुसो नावाच्या साक्षीदाराने प्रतिनिधिगृहाच्या त्या समितीपुढे शपथेवर सांगितलं की हे लोक कम्युनिस्ट आहेत. काही वर्षांनी त्याने आपण खोट्या साक्षी दिल्याचं स्वतःच जाहीर केलं आणि तो तुरुंगातही गेला, पण तोवर गट मोडला होता. पहिल्या क्रमांकापासून एकही सभागृह न मिळण्यापर्यंतचा हा प्रवास जेमतेम दोन वर्षांचा. मधे कोर्ट कुठेच नाही.

सीगरला समितीने बोलावलं १८ ऑगस्ट १९५५ रोजी, न्यूयॉर्कमध्ये. त्या दिवसाचं शब्दशः इतिवृत्त उपलब्ध आहे आणि ते वाचताना हसावं की चिडावं कळत नाही. समितीकडे जाहिरातींची कात्रणं. अमुक तारखेला अमुक ठिकाणी तुम्ही गायलात का? सीगरचं म्हणणं एकच : माझी मतं, माझा धर्म, मी कुणाला मत दिलं, कुणात उठतो-बसतो, हे विचारण्याचा तुम्हाला अधिकार नाही, मात्र गाण्यांबद्दल हवं ते सांगतो, हवं तर गाऊन दाखवतो. समितीला गाणं ऐकायचं नव्हतं. ते कुठे आणि कुणासमोर गायलं, एवढंच हवं होतं. माझ्या दृष्टीने त्या सगळ्या काळाचा अर्थ या एका नकारात आहे. गाण्यात काय आहे हा प्रश्नच नव्हता. ऐकणारे कोण, हा होता. म्हणून तर अंगाईगीत गाणाराही यादीत जाऊ शकत होता.

स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याची मुभा देणारी पाचवी दुरुस्ती सीगरने वापरली नाही. ती वापरली असती तर सुटला असता, पण मग काहीतरी लपवतोय असा अर्थ निघाला असता. अमेरिकन संसदेच्या अवमानाबद्दल १९६१मध्ये त्याला एक वर्षाची शिक्षा झाली आणि १९६२मध्ये अपिलात ती रद्द झाली, आरोपपत्र सदोष होतं म्हणून. म्हणजे कायद्याने तो सुटला. बाजाराने मात्र सोडलं नाही. १९६३मध्ये लोकसंगीताची लाट आली तेव्हा एबीसीने 'हूटननी' नावाचा टीव्ही कार्यक्रम काढला. लोकगायकांच्या मैफलीसाठीचा हा शब्द देशभर नेणाऱ्यांत सीगर आणि गथ्री होते, आणि त्याच नावाच्या कार्यक्रमात सीगरला जागा नव्हती.

आता शब्दांकडे. धास्तीने सर्वांत जास्त काय खाल्लं असेल तर कडवी. ब्रॉन्क्समधला शाळामास्तर एबल मीरोपोल याने लिंचिंगवर, म्हणजे जमावाने कृष्णवर्णीयांना झाडाला लटकवून मारण्यावर, लिहिलेलं 'स्ट्रेंज फ्रूट' जॅझ गायिका बिली हॉलिडेने १९३९मध्ये गायलं. तिच्या कोलंबिया कंपनीने ते रेकॉर्ड करायला नकार दिला. काढलं कुणी? मिल्ट गेबलर नावाच्या एका रेकॉर्डच्या दुकानदाराने, आपल्या कमोडोर या छोट्या लेबलवर. म्हणजे दुकानदार सगळेच जॉन्सन नसतात, हेही त्याच बाजाराचं सत्य. याच मीरोपोलच्या गीतावर १९४५मध्ये फ्रँक सिनात्राला घेऊन वंशद्वेषाविरुद्ध एक लघुपट निघाला. माझ्या घरात कोण कोण राहतं, असं विचारणारं गाणं. त्यातलं काळे-गोरे शेजारी एकत्र नांदण्याचं कडवं पडद्यावर येईपर्यंत गळालं. द्वेषाविरुद्धच्याच चित्रपटात! आपलंच कडवं गाळलेलं पाहून मीरोपोल थिएटरमध्ये इतका आरडाओरडा करू लागला की त्याला बाहेर काढावं लागलं म्हणतात. (हेरगिरीच्या आरोपावरून १९५३मध्ये ज्यांना विजेच्या खुर्चीत बसवलं त्या रोझेनबर्ग दांपत्याची दोन मुलं पुढे दत्तक घेतली ती याच मास्तराने आणि त्याच्या बायकोने.)

गथ्रीच्या 'धिस लँड इज युअर लँड'चंही तेच. १९४०मध्ये लिहिलेल्या मूळ गाण्यात 'खासगी मालमत्ता' अशी पाटी लावलेली भिंत होती आणि सरकारी मदतीच्या रांगेत उभे असलेले भुकेले लोक होते. शाळाशाळांतून पोरं पाठ करू लागली तेव्हा दोन्ही कडवी गायब होती. उरलं ते डोंगर, दऱ्या आणि डुलणाऱ्या पिकांचं देशभक्तिगीत. आणि चक बेरीने तर एकच शब्द बदलला. 'जॉनी बी. गुड'मधला गिटार वाजवणारा पोरगा आधी 'कलर्ड बॉय' होता. १९५८च्या तबकडीत तो 'कंट्री बॉय' झाला, गोऱ्या श्रोत्यांना आणि रेडिओवाल्यांना अडचण नको म्हणून. १९७७मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीच्या आवाजांची जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी गेली, तिच्यात हे गाणं आहे. बदललेल्या शब्दासकट.

इथे माझा दुसरा मुद्दा येतो, आणि तो काहींना पटणार नाही. शब्दांवर पहारा बसला तेव्हा राजकारण ठेक्यात शिरलं. 'स्ट्रेंज फ्रूट' रेकॉर्ड करणारा तोच गेबलर १९५४मध्ये डेका कंपनीत 'रॉक अराउंड द क्लॉक'चा निर्माता होता. त्या गाण्यात राजकारणाचा एक शब्द नाही. घड्याळाचे काटे आणि नाचणं, बस्स. पण त्याच सुमाराला दक्षिणेतल्या नाचांत काळ्या आणि गोऱ्या पोरांच्या मधे दोरी बांधलेली असायची, आणि गाणं रंगात आलं की ती दोरी राहायची नाही. हे समितीला कळलं नाही. अलाबामातल्या वर्णद्वेष्ट्यांना मात्र बरोबर कळलं. तिथल्या 'व्हाइट सिटिझन्स कौन्सिल'च्या एसा कार्टरने १९५६मध्ये रॉक अँड रोलविरुद्ध मोहीमच उघडली. गोऱ्या पोरांना बिघडवण्याचा हा कृष्णवर्णीयांच्या संघटनेचा, एनएएसीपीचा, कट आहे असं त्याचं म्हणणं. त्याच वर्षी १० एप्रिलला बर्मिंगहॅममध्ये त्याच्या संघटनेशी संबंधित माणसांनी स्टेजवर चढून गायकाला खाली पाडलं. तो गायक रॉकवाला नव्हता. तो होता नॅट किंग कोल, अमेरिकेतला सर्वांत मऊसूत आवाज, अलाबामातच जन्मलेला. समोरचा श्रोतृवर्ग नियमाप्रमाणे फक्त गोरा. चोर सोडून संन्याशाला म्हणावं, तर इथे चोरच नव्हता.

कोलची कथा एवढ्यावर थांबत नाही. वर्षाअखेरीस एनबीसीने त्याला स्वतःचा टीव्ही कार्यक्रम दिला. एला फिट्झजेराल्डपासून हॅरी बेलाफॉन्टेपर्यंत मोठमोठे गायक तिथे येऊन गेले. राष्ट्रीय प्रायोजक मात्र एकही मिळाला नाही आणि साधारण वर्षभरात कार्यक्रम आटोपला. दक्षिणेत आपला माल काळ्या गायकाशी जोडला जाईल ही भीती. स्टेजवर चढणारे गुंड आणि पाकीट न उघडणारा जाहिरातदार, यांची एकमेकांशी ओळख असण्याची गरजच नव्हती. काम एकच होत होतं.

आणि सरकार? ते या काळात एका हाताने हिसकावत होतं आणि दुसऱ्या हाताने वाटत होतं. पॉल रॉबसन हा त्या पिढीतला जगात सर्वांत जास्त ओळखला जाणारा कृष्णवर्णीय अमेरिकन गायक. १९४९मध्ये न्यूयॉर्कजवळच्या पीकस्किलला त्याची मैफल जमावाने उधळली. आठवड्याभराने, ४ सप्टेंबरला, ती पुन्हा ठेवली आणि झालीही. परतणाऱ्या गाड्यांवर मात्र दगडांचा पाऊस पडला. एका गाडीत बायको-मुलांसह सीगर होता. गाडीत येऊन पडलेले काही दगड त्याने जपून नेले आणि पुढे हडसनकाठी स्वतःच्या हाताने घर बांधलं तेव्हा धुराड्यात चिणले. १९५०मध्ये परराष्ट्र खात्याने रॉबसनचा पासपोर्ट काढून घेतला. १९५२मध्ये तो कॅनडाच्या सीमेवर एका ट्रकवर उभा राहून पलीकडच्या हजारो लोकांसाठी गायला. १९५७मध्ये अटलांटिकखालून नुकत्याच टाकलेल्या टेलिफोन केबलवरून लंडनच्या श्रोत्यांसाठी गायला. पासपोर्ट परत मिळाला १९५८मध्ये, सुप्रीम कोर्टाने दुसऱ्या एका खटल्यात खात्याला अडवल्यावर.

आणि त्याच परराष्ट्र खात्याने १९५६पासून डिझी गिलेस्पी, मग लुई आर्मस्ट्राँग, डेव्ह ब्रूबेक यांना जगभर पाठवायचं ठरवलं. रशिया सगळीकडे सांगत होता की अमेरिकेत काळ्यांना माणूस मानत नाहीत. त्याला उत्तर म्हणून जॅझ. दौऱ्याआधी खात्याची माणसं गिलेस्पीला काय बोलायचं ते समजावणार होती. त्याने दांडी मारली. तीनशे वर्षांचं शिक्षण आपल्याकडे आधीच आहे, असं त्याचं कारण होतं. १९५७च्या सप्टेंबरात आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉकमध्ये काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत जाऊ देत नव्हते, तेव्हा नेहमी हसतमुख असणाऱ्या आर्मस्ट्राँगने एका तरुण वार्ताहरासमोर सरकारला नरकात जा म्हटलं आणि रशियाच्या दौऱ्याला नकार दिला. ब्रूबेक १९५८मध्ये आपल्याकडेही आला. मुंबईत सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांबरोबर त्याने वाजवलं. तेव्हा मुंबईच्या हॉटेलांत आणि स्टुडिओंत वाजवणाऱ्या गोवेकर मंडळींना जॅझ नवं नव्हतंच, ती भाषा ते तीसच्या दशकापासून बोलत होते. ब्रूबेकबरोबर मुंबईला आलेला बासवादक युजीन राइट कृष्णवर्णीय होता. अमेरिकेच्या लोकशाहीचा नमुना म्हणून तो जगभर चालला. १९६०मध्ये ब्रूबेकच्या दक्षिणेतल्या कॉलेजांतल्या २५ मैफलींपैकी बहुतेक रद्द झाल्या, कारण त्याच राइटला वगळून यायला ब्रूबेक तयार नव्हता.

एवढं वाचून कुणी म्हणेल, तुझे हे डावे गायक काय धुतल्या तांदळाचे होते? नव्हते. १९४१च्या मे महिन्यात सीगर आणि त्याच्या साथीदारांच्या 'अल्मॅनॅक सिंगर्स'ने युद्धविरोधी गाण्यांचा संच काढला. जूनमध्ये हिटलर रशियावर चालून गेला आणि संच मागे घेतला गेला. पुढच्या वर्षी तीच मंडळी युद्धाच्या बाजूने गात होती. कम्युनिस्ट पक्षाने मान वळवली की गाण्यानेही वळवायची. रॉबसन स्टालिनबद्दल जाहीरपणे कधी वावगं बोलला नाही, आणि हे मी त्याच्या मोठेपणासाठी झाकणार नाही. पण चुकीचं राजकारण करणाऱ्याला उत्तर गाण्याने, लेखाने, टीकेने देता येतं. किराणा दुकानातल्या पाटीने दिलेलं उत्तर हे उत्तरच नव्हे.

मला खरी हरकत आहे ती एका गोड समजुतीला. ती अशी : दडपलं म्हणून तर गाणं फोफावलं. सीगरला सभागृहं बंद झाली, म्हणून तो शाळा, कॉलेजं आणि मुलांच्या उन्हाळी शिबिरांत गायला, आणि त्या मुलांमधूनच साठच्या दशकाचं संगीत उभं राहिलं. यात तथ्य आहे. फोकवेज या मोझेस ॲशच्या छोट्या कंपनीने त्याच्या तबकड्या काढत ठेवल्या, तेही खरं. 'वुई शॅल ओव्हरकम' चार्ल्स्टनच्या सिगार कारखान्यातल्या संपकरी कृष्णवर्णीय बायकांकडून कामगार आणि चळवळीतल्या कार्यकर्त्यांना शिकवणाऱ्या टेनेसीतल्या हायलँडर शाळेत आलं, तिथून सीगर आणि इतरांच्या तोंडी गेलं, आणि १९६०नंतर नागरी हक्क चळवळीचं गाणं झालं. गिरिजाकुमार माथुरांनी हिंदीत आणलेलं 'होंगे कामयाब' मी पाचवीत, पेटीच्या सुरावर, पांढऱ्या मोज्यांत उभा राहून गायलो आहे. बाईंनी सांगितलं होतं, हे आशेचं गाणं आहे. ते संपाचं गाणं आहे हे मला पस्तिशीत कळलं. ती हायलँडर शाळा टेनेसी राज्याने १९६१मध्ये कुलूप लावून बंद केली, हे तर त्याहूनही नंतर.

पण या समजुतीत हिशोब फक्त तरलेल्यांचा होतो. जॉश व्हाइट हा ब्लूज गायक १९५०मध्ये स्वतःहून समितीपुढे गेला, आपण फसलो होतो म्हणाला, आणि तरी 'स्ट्रेंज फ्रूट' गाण्याबद्दल माफी मागायला तयार झाला नाही. त्या गाण्याचे शब्द त्याने समितीला वाचून दाखवले. डाव्यांनी त्याला गद्दार ठरवलं आणि उजव्यांनी जवळ केलं नाही. रॉबसनचा पासपोर्ट परत आला. गेलेली आठ वर्षं, आणि आवाज ऐन भरात असतानाच्या न झालेल्या मैफली, कुणी परत केल्या नाहीत. आजही एखाद्या कलाकाराचा कार्यक्रम 'तांत्रिक कारणाने' रद्द होतो, तेव्हा ते कारण देणारा सरकारी माणूस नसतो. सभागृहाचा व्यवस्थापक असतो, आणि त्यालाही फक्त आपला दिवस सुखरूप पार पाडायचा असतो.

१९५०च्या जुलैत हेझल स्कॉट या पियानोवादिकेचा टीव्ही कार्यक्रम सुरू झाला. राष्ट्रीय वाहिनीवर स्वतःच्या नावाचा कार्यक्रम असलेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. काळे-गोरे वेगळे बसवले असतील तिथे वाजवणार नाही, अशी अट ती करारातच घालायची. 'रेड चॅनल्स'मध्ये तिचं नाव होतं. २२ सप्टेंबरला ती स्वतः समितीपुढे गेली आणि यादी करणाऱ्यांना सुनावून आली. आठवड्याभरात कार्यक्रम बंद झाला. पुढे ती पॅरिसला निघून गेली. बाखच्या शास्त्रीय रचनेपासून सुरू करून बोटं बूगी-वूगीच्या नाचऱ्या ठेक्यात कशी उतरवायची, याबद्दल तेव्हाचे लोक भरभरून बोलतात. पण तिच्या त्या कार्यक्रमाची एकही फीत शिल्लक असल्याचं ऐकिवात नाही.